चीनच्या म्हाताऱ्याचं पान

संध्याकाळी आमच्या सासूबाईंना कुणी 'जेवलात का' असं विचारायची सोय नव्हती. विचारलं की ठरलेलं उत्तर यायचं, "आदी तिकडचं कळू दे." तिकडचं म्हणजे चीनचं. हसू नका. करकंब गावची बाई, सही म्हणजे अंगठा, सोलापूरच्या पलीकडं कधी गेली नाही, आणि तिची भाकरी अडायची ती थेट चीनपाशी.

त्यांचं नाव बजाबाई. मी सोना, त्यांची थोरली सून. धाकटी पण मीच, कारण धाकट्याचं लग्न राहिलं ते राहिलंच. मी सातवीपर्यंत शिकलेली, म्हणून चारचौघांत जरा नीट बोलते. पण डोकं फिरलं की मी पण हाय-न्हायवर येते, आणि त्या घरात डोकं फिरायला फार काही लागायचं नाही.

आम्ही राहायचो सोलापुरात, गिरणीच्या भिंतीला लागून असलेल्या चाळीत. आता गिरणी नाही आणि चाळही नाही. मध्ये नातवाबरोबर नव्या पेठेत गेले होते, येताना रिक्षा मुद्दाम त्या रस्त्यानं घ्यायला लावली. म्हटलं, बघ, हितं आमचा ओटा होता. त्यानं बघितलं तर तिथं मोबाईलचं दुकान. "कुठंय आजी?" म्हणाला. काय सांगणार त्याला, कपाळ? अजून पहाटे भोंग्याच्या वेळेला मला जाग येते. भोंगा वाजत नाही, पण जाग येते.

त्या ओट्यावर चाळीचं सगळं चालायचं. शेंगा फोडायच्या, चटणी कुटायची, पोरांच्या डोक्याला तेल लावायचं, आणि पुरुषांनी जगाचा कारभार बघायचा. जगाचा कारभार बघणारे मुख्य दोघं. एक आमचे मालक, धोंडीराम. दुसरे शेजारचे सिद्रामप्पा. दोघं एकाच गिरणीत, एकाच मागावर. पाळ्या तीन, दर आठवड्याला बदलायच्या, पण दोघांच्या एकापाठोपाठ. याच्या हातातला माग त्याच्या हातात जायचा, त्यामुळं याच्या हातून कापडात खोट राहिली तर ती त्याच्या माथी. असल्या दोन माणसांचं एक तर भावासारखं जमतं, नाही तर हाडवैर होतं. यांचं दोन्ही होतं.

सिद्रामप्पा होटगीकडचे. घरात कानडी, ओट्यावर मराठी, फक्त आमच्या सासूबाईंना कानडीतलं 'अव्वा', म्हणजे आई. युनियनचे कट्टर, लाल बावट्याचे. भिंतीवर बसवेश्वरांची तसबीर आणि तिच्या शेजारी चीनच्या माओचा फोटो, कुठल्याशा अंकातून कापलेला. त्यांची बायको शिवबाई मोठी भाबडी. सकाळच्या घाईत दोघांनाही हळदकुंकू लावून मोकळी व्हायची. बासष्टला लढाईच्या वेळी लाल बावट्याच्या लोकांना धरत होते, तेव्हा तिनं तो फोटो ज्वारीच्या पिठाच्या डब्यात लपवला होता. त्यानंतर माओच्या एका गालावरचं पीठ काही गेलं नाही.

आणि त्याच बासष्टच्या लढाईत माझा धाकटा दीर रामहरी गेला. गेला म्हणजे, परत आला नाही. मी त्याला पाहिलेला नाही, मी घरात आले ती नंतर. फोटो पाहिलाय, लष्कराच्या कपड्यातला, कान जरा पुढं आलेले, हसू दाबून उभा. सरकारनं आधी कळवलं की बेपत्ता आहे. मग चीननं धरलेले कैदी सोडले, त्यात तो नव्हता. मग सरकार म्हणालं, मेला असं धरून चाला. सगळं करकंब रडायला गोळा झालं. सासूबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुमच्यातल्या कुणी बघितलाय का त्याला मेलेला?" कुणी बघितला नव्हता. "मग उटा, घरला जावा."

रडल्या नाहीत, पण जेवण सुटलं. त्यांचं म्हणणं एकच. आयुष्यभर पोरांच्या आधी कधी घास घेतला नाही, आता रामहरी जेवला का उपाशी हे कळल्याशिवाय मी कशी जेवू? मालकांनी त्यांना सोलापुरात आणलं. इथंही तेच. चतकोर भाकरी चहात बुडवून खायची आणि पाणी प्यायचं. बाई सुकत चालली.

पुढचं मला शिवबाईनं सांगितलं. एके संध्याकाळी ओट्यावर दोघांचं जोरात लागलं होतं. सिद्रामप्पा म्हणत होते, "त्या मानसानं देश उभा केला. जमीनदाराची जमीन कुळाला दिली. बायकांचे पाय बांधून ठेवायचे तितं, ते सोडवले. आज त्या देशात कुनी उपाशी झोपत न्हाय." मालक म्हणत होते, "देश उभा केला का आडवा? दुष्काळात मानसं किड्यामुंगीगत मेली त्याच्या राज्यात. पोरं बापाच्या चुगल्या करतात. दोस्त दोस्त म्हनला आनि आपल्या पाठीत सुरा घातला त्यानं." तेवढ्यात सासूबाई आतनं बाहेर आल्या. त्यांनी एकच धरलं होतं.

"अप्पा, कुनीच उपाशी झोपत न्हाय?"

"कुनीच न्हाय, अव्वा."

"आनि धरून नेलेली?"

सिद्रामप्पांनी मालकांकडं बघितलं, मालकांनी खाली बघितलं. मग म्हणाले, "त्यांना बी देतात, अव्वा. आपल्या सोलापूरचा डॉक्टर, कोटणीस, त्यांच्याच लोकांची सेवा करता करता तितं गेला. त्याला ते लोक अजून मानतात."

सासूबाई म्हणाल्या, "म्हंजी आपल्या गावचं मीठ त्यांनी खाल्लंय. मग आपल्या गावच्या पोराला ते उपाशी न्हाय ठेवायचे." आत गेल्या आणि अख्खी भाकरी खाल्ली.

तेव्हापासून तो नेम पडला. दिवेलागण झाली की सासूबाई दारात यायच्या. "अप्पा, जेवलं असतील का तिकडं?" सिद्रामप्पा म्हणायचे, "जेवलं, अव्वा." की त्या आत येऊन पाटावर बसायच्या. सिद्रामप्पा दुसऱ्या पाळीला असले की दुपारी डबा घेऊन निघतानाच सांगून जायचे, "रातचं बी जेवतील, अव्वा." मी नवी नवरी आले तेव्हा मला वाटलं, या घरात कुणाला तरी वेड लागलंय. नक्की कुणाला, ते मात्र ठरवता येईना.

आणि भांडण? ते चालूच. आता त्यात आणखी एक गंमत झाली. सासूबाई भांडणात सिद्रामप्पांच्या बाजूनं. त्यांना ना लाल बावटा कळायचा ना निळा. पण चीनचा म्हातारा चांगला असला तर रामहरी जेवतोय, आणि वाईट असला तर उपाशी आहे, एवढा त्यांचा सरळ हिशेब. मालक म्हाताऱ्याला शिव्या द्यायला लागले की त्या आतनं ओरडायच्या, "धोंडिबा, ज्याचं अन्न खाल्लं त्याला नावं ठिवू नगंस." मालक मग नुसते दात खायचे. मला विचाराल तर माझा दोघांनाही एकच सवाल असायचा, घरात रॉकेलचा थेंब नाही, रेशनच्या रांगेत तुमचा माओ उभा राहणार आहे का? पण मला कोण विचारतं.

बहात्तरच्या दुष्काळात मात्र ते भांडण हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नाही. गावाकडची माणसं खडी फोडायला गेलेली, आमच्याकडं दोन-दोन पाहुणे कायम. रेशनला तो लाल मिलो, परदेशातनं आलेली ज्वारी. त्याच्या भाकरीला ना चव ना चिकटपणा, थापली की तुटायची. एका संध्याकाळी सासूबाई हातात ती भाकरी घेऊन दारात आल्या आणि म्हणाल्या, "अप्पा, तिकडं बी असलंच खात्यात का?"

सिद्रामप्पा म्हणाले, "न्हाय अव्वा. तिकडं भात. पांढराशुभ्र."

सासूबाई हसल्या. मिलोची भाकरी हातात धरून अशा हसल्या, की मालक ताडकन उठले. सिद्रामप्पांना हाताला धरून चाळीच्या टोकाला नळापाशी नेलं. मी पाण्याला गेलेली, म्हणून ऐकलं.

"किती दिवस खोटं सांगनार तिला?" मालक म्हणाले. "माझा भाऊ तितं बर्फात पडलाय. त्याला पानी न्हाय, घास न्हाय. दर साली आबांचं म्हाळ घालतो, शेजारी त्याचं पान मांडावं म्हनतो, तर ती ताट भिरकावती. म्हनती, जित्याचं म्हाळ घालतोस? हे कुनामुळं? तुझ्यामुळं."

म्हाळाचं सांगायला हवं. पितृपंधरवड्यात आमच्याकडं गेलेल्या माणसाच्या तिथीला त्याच्या नावाचं पान मांडतात. आणि त्या पानावर एक जिवंत माणूस बसवतात. त्या दिवसापुरता तो पितर. घरच्या कर्त्यानं त्याचे पाय धुवायचे, पाय धुताना गेलेल्याचं नाव घ्यायचं, गंध लावायचा आणि मग वाढायचं. पितर जेवला की गेलेला माणूस जेवला. सासऱ्यांचं, कुंडलिक मामंजींचं म्हाळ पंचमीला असायचं, त्यांचा पितर म्हणून चाळीतले एक म्हातारे यायचे. रामहरीचा कुणी नाही. हे शल्य मालकांना आत आत कुरतडायचं. माणूस घुमा, बोलायचा नाही. माओच्या नावानं जी आग पाखडायचा ती खरी या दुखण्याची होती.

सिद्रामप्पा नळापाशी उभे राहिले. म्हणाले, "खोट्यानं का हुईना, ती जेवती की रं."

"तुज्याशी बोलायचं न्हाय मला इतनं म्होरं," मालक म्हणाले. आणि खरंच बोलले नाहीत. एकाच मागावर काम, आणि अबोला. मागाला काही खोड आली असली तर पाळी संपवून जाणारा तिथं सुताचा एक तुकडा बांधून ठेवायचा. येणाऱ्यानं तो बघायचा आणि समजून घ्यायचं. सुतावर संसार चालला होता दोघांचा. सणाला फराळाची ताटं मी आणि शिवबाई गुपचूप इकडची तिकडं करायचो, आणि हे दोघं ती खाताना कुठून आली ते विचारायचे नाहीत.

सासूबाईंचा नेम मात्र चुकला नाही. त्या विचारायच्या, सिद्रामप्पा सांगायचे. पण आवाजातला जोर गेला होता. मला राहवेना, एकदा विचारलं, "अप्पा, खरंच तिकडं सगळे जेवतात?"

ते शेंगा सोलत होते. म्हणाले, "वैनी, मी कुटं गेलोय बघायला? आदी मला पक्कं ठावं हुतं. आता काय काय ऐकू येतंय. पन जगात एक तरी जागा असावी का न्हाय, जितं समदे जेवून झोपतात?" मला त्यांची दया आली. एवढा आवाजाचा माणूस, आणि बोलला तो शेंगांशी बोलल्यासारखा.

मग शहात्तर साल आलं. आणीबाणी होती, ओट्यावर मोठ्यानं भांडायची चोरी. गौरी-गणपती झाले आणि पितृपंधरवडा लागला. पहिल्याच दिवशी संध्याकाळी सिद्रामप्पांच्या रेडिओवर बातमी आली, माओ वारला. सगळ्या चाळीनं ऐकली. मालक चहा पीत बसले होते. हा माणूस मरेल त्या दिवशी मी पेढे वाटीन, असं ते कैकदा म्हणाले होते. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी अर्धा चहा तसाच खाली ठेवला.

आणि दिवेलागण झाली. सासूबाई दारात आल्याच. "अप्पा, जेवलं असतील का तिकडं?"

सिद्रामप्पा ओट्यावर डोकं धरून बसलेले. "अव्वा, म्हातारा गेला."

"कुनाचा?"

"तिकडचा. माओ."

सासूबाई हळूच खाली बसल्या. म्हणाल्या, "मग आता तितली चूल कोन बगनार?" मग म्हणाल्या, "चांगला हुता न्हवं?"

ओट्यावर दोघंही होते. एकानं आयुष्यभर हो म्हटलं होतं, एकानं नाही. त्या वेळी दोघांच्याही तोंडून शब्द निघाला नाही. त्या रात्री सासूबाई जेवल्या नाहीत.

सकाळी मला म्हणाल्या, "सोने, पंचमीला एक पान जादा मांड."

म्हटलं, आल्या बाई वळणावर, आता रामहरीचं पान मांडतील आणि मालक सुटतील. मी विचारलं, "कुणाचं, आत्याबाई?"

"त्या म्हाताऱ्याचं. चौदा वर्सं माझ्या लेकराला खाऊ घातलं त्यानं. त्याला घास न्हाय दिला तर मी कसली आई?" आणि पुढं, "पितर म्हनून अप्पाला बसव. त्याच्याच झेंड्याचा हाय."

आता सांगा, असली सासू कुणाला असते का? माओचं म्हाळ! मी हसले. मग मालकांनी ऐकलं आणि माझं हसू विझलं. "माझ्या भावाच्या जिवावर उटलेल्याचं पान माझ्या घरात? आनि त्याचं पाय मी धुऊ?" सासूबाई म्हणाल्या, "नगं धुऊस. मी बी जेवायची न्हाय." आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिल्या.

मी सिद्रामप्पांकडं गेले. ते म्हणाले, "वैनी, आमच्यात पितरं-बितरं न्हाईत. त्यातनं मी लाल बावट्याचा. उद्या युनियनमधी लोक तोंडात शेन घालतील." म्हणजे बघा, इतक्या वर्षांत हे दोघं एका मताचे झाले ते या एका गोष्टीवर, की म्हातारीला उपाशी ठेवायचं.

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. ओट्याच्या मधोमध उभी राहिले आणि दोघांना ऐकू जाईल असं बोलले, "ऐका. तुमचा चीनवाला चांगला हुता का वंगाळ हुता, ते मला ठावं न्हाय आनि ठावं करून घ्यायचं बी न्हाय. त्यो गेला. माझी सासू हितं हाय, आनि ती काल सांच्यापास्नं पान्यावर हाय. अप्पा, तुमी तिला जेवू घातलं आजपतुर, लबाडी करून घातलं, आता शेवटाला अंग काढता व्हय? आनि तुमी मालक, भावाला घास न्हाय म्हनून रडता, आनि आईचा घास तोडता?" शिवबाई दारात उभी होती, ती कानडीत नवऱ्याला काहीतरी म्हणाली. काय ते मला कळलं नाही, पण सिद्रामप्पांनी मान खाली घातली. मी आत जाऊन सांगितलं, "आत्याबाई, उठा. दोघं बी कबूल हाईत." कबूल कुणी झालं नव्हतं. पण नाहीही म्हणालं नाही. सासूबाई उठल्या आणि पंचमीपर्यंत चहात बुडवलेल्या चतकोर भाकरीवर राहिल्या.

पंचमीला मी गव्हाची खीर केली, उडदाचे वडे, भोपळ्याची भाजी, कढी, भात. मालकांनी सुट्टी काढली होती. आधी मामंजींचे पितर बसले, त्यांचे पाय धुऊन झाले. मग सिद्रामप्पा आले. अंगात धुतलेला पांढरा सदरा, चेहरा शाळेत मार खायला निघालेल्या पोरासारखा. पाटावर बसले आणि पाय परातीत ठेवले. मागावर उभं राहून राहून टाचांना भेगा पडलेल्या. मालकांच्या टाचाही अगदी तशाच.

मालक तांब्या घेऊन समोर बसले. दुष्काळापासून दोघं इतके जवळ आले नव्हते. पाण्याची धार सोडली, एक पाय धुतला, दुसरा धुतला. नाव घ्यायची वेळ आली.

"नाव घे की," सासूबाई चुलीपाशी उभ्या होत्या, त्या म्हणाल्या.

तांब्या रिकामा झाला तरी मालक तो तसाच धरून बसले. आणि मग त्यांच्या तोंडून जे नाव आलं ते माओचं नव्हतं.

"रामहरी," ते म्हणाले. "रामहरी कुंडलिक."

मी खिरीची पळी हातात घेऊन उभी होते. मला वाटलं, आता सासूबाई ताट भिरकावणार, घर डोक्यावर घेणार. सिद्रामप्पांनी पाय मागं ओढायला बघितलं, मालकांनी सोडला नाही. दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला आणि मान वर न करता म्हणाले, "जेव, सिद्रामप्पा. तू जेवलास म्हंजी त्यो जेवला."

सासूबाई पुढं आल्या, माझ्या हातातली पळी काढून घेतली आणि सिद्रामप्पांच्या पानावर स्वतः खीर वाढली. "पोटभर जेव, लेकरा," म्हणाल्या. मग त्यांच्या समोर खाली बसल्या आणि त्यांना जेवताना बघत राहिल्या. लेक रानातनं दमून आल्यावर आई बघते तसं. वडा संपला की वडा वाढायच्या, भात संपला की भात. सिद्रामप्पांच्या डोळ्यांतलं पाणी खिरीत पडत होतं आणि ते खात होते. नको म्हणायची त्यांची छाती झाली नाही. मालक परात घेऊन बाहेर गेले ते बराच वेळ आत आले नाहीत. मी त्यांना रडताना त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.

सिद्रामप्पा उठले. सासूबाईंनी त्यांच्याच शेजारी आपलं ताट ओढलं आणि जेवायला लागल्या. कुणाला काही विचारलं नाही.

त्या संध्याकाळी नेमाच्या वेळेला सिद्रामप्पा आपल्या दारात येऊन उभे. काय सांगावं हे त्यांना सुधरत नसणार. सासूबाई बाहेर आल्या. त्यांच्याकडं बघितलं. "अप्पा," म्हणाल्या, "तू जेवलास का?"

सिद्रामप्पांना आधी कळेचना. मग म्हणाले, "दुपारचंच अजून खाली उतरलं न्हाय, अव्वा."

ओट्यावर बसलेले मालक हसले. म्हणाले, "सात वडे खाल्लेस की रं." त्या दिवसापासून दोघं बोलायला लागले, आणि महिन्याभरात परत भांडायलाही लागले. माओनं देशाचं भलं केलं का वाटोळं, यावर दोघं म्हातारे होऊन गिरणीतनं बाहेर पडेपर्यंत भांडत होते. एक म्हणायचा त्यानं उभा केला, दुसरा म्हणायचा त्यानं बुडवला. पण आता मधेच कुणी उठून जायचं नाही.

सासूबाईंनी मात्र तिकडचं परत कधी विचारलं नाही. त्यांना आधीपासूनच सगळं ठाऊक होतं, का त्या दुपारी परातीपाशी कळलं, हे मी त्यांना विचारलं नाही. काही गोष्टी सुनेनं विचारू नयेत.

पुढच्या वर्षी पितृपंधरवडा आला. पंचमीच्या आदल्या दिवशी मी जरा भीत भीतच विचारलं, "आत्याबाई, किती पानं मांडू?"

"तुज्या मामंजींचं एक. रामहरीचं एक." त्या उडीद निवडत होत्या.

"आणि त्या चीनच्या म्हाताऱ्याचं?"

त्यांनी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "त्याचं त्याच्या मुलखातली मानसं बगतील. त्यानं त्यांना जेवू घातलं का उपाशी मारलं, ते त्यांनाच ठावं. माझा तितं एकच हुता, त्याचं मी बगते." मग दाराकडं बघून हाक मारली, "अप्पा, उद्या दुपारी जेवायला यायचं बरं का. आनि टाचा घासून ये, धोंडिबा लई कुरकुर करतोय."